वरचं मडकं

अत्का बेटावर ओहोटी पहाटे चारला.
पारास्कोव्हिया रबरी बूट चढवते,
खिशात चमचा, बादलीत सुरी,
आणि भावाला न उठवता
खडकांवर उतरते.

अर्चिन हवेत तितके.
पाय टाकायला जागा नाही इतके:
हिरवट काटेरी गोळे, तळभर,
कुणाच्या तरी पोत्याची शिवण उसवल्यासारखे.
ती एक फोडते. आत पाणी.
दुसरा. पाणी, चिमूटभर रेती.
अकराव्यात एक केशरी रेघ, नखाएवढी.
ती चाटून ती म्हणते,
‘उपाशी आहेत मेले.’

तिच्या लहानपणी अर्चिन शोधावे लागत.
केल्पच्या बुडाशी, कपारीत दडलेले, मोजके,
पण फोडला की पाच फाका, लोण्यासारख्या.
वर पाण्यात पाणमांजरं उताणी,
वाहून जाऊ नये म्हणून
केल्पची वेल कमरेला गुंडाळून झोपलेली;
जागी असली की पोटावर दगड,
दगडावर अर्चिन,
ठक ठक ठक.
लाव्हरेन्ती पन्नासपर्यंत मोजायचा,
मग कंटाळायचा.

त्याआधीची गोष्ट घरात मोठ्यानं सांगत नसत.
रशियन व्यापारी आले,
बायकापोरं ओलीस ठेवली
आणि पुरुषांना होड्यांत घातलं:
कातडी आणा, पोरं न्या.
आणली.
संपेपर्यंत आणली.
तेव्हा पाण्याखाली काय झालं असेल
ते बघायला वेळ कुणाला होता?

कशीबशी चार उरली होती, त्यांची पुन्हा शेकडो झाली,
आणि नव्वदनंतर पुन्हा दिसेनाशी.
ओर्कांनी खाल्ली म्हणतात.
ओर्कांच्या पुढचं पहिलं ताट कुणी ओढलं, असं विचारलं
तर लाव्हरेन्ती क्षितिजावरच्या ट्रॉलरकडे बघतो
आणि जाळ्याची गाठ
पुन्हा सोडून पुन्हा बांधतो.

उतरंडीचा नियम आपल्याला पाठ आहे:
तळचं काढलं की वरची कोसळतात.
इथं कुणी सगळ्यात वरचं उचललं,
मिशाळ, केसाळ, हातभर लांब,
आणि फुटत गेली ती खालची.
आधी केल्प, बुंध्यापासून कुरतडलेला.
मग केल्पची सावली.
सावलीत अंडी घालणारे मासे.
मग लाट:
पूर्वी ती त्या जंगलातून गाळून, दमून यायची,
आता थेट धक्क्यावर आदळते,
होडी दहा पावलं वर ओढावी लागते.
आता अर्चिन खडकाची गुलाबी साल खातायत,
जी बोटभर वाढायला
माणसांच्या कितीतरी पिढ्या घेते.

रिकामी बादली घेऊन ती धक्क्याशी येते.
ठक ठक.
खांबांच्या मधे, जिथं ओर्का शिरत नाही,
तिथं एकटं पाणमांजर उताणं पडलेलं.
पोटावर अर्चिन, फुटलेला,
आणि आत
केशरी, काठोकाठ.

ती थबकते.
‘ह्याला बरे भरलेले मिळतात!’
ते तिच्याकडे बघतं, मिशा पुसतं, बुडी मारतं.
ती ओणवून बघत राहते.
खांबांच्या तळाशी केल्पची सात-आठ पानं
हलतायत, तपकिरी, धडधाकट.

बराच वेळ ती तशीच.
मग बोटानं हवेत खांब मोजते,
धक्क्याच्या टोकापासून तिसरा,
लक्षात ठेवते.
घरी लाव्हरेन्ती विचारतो, मिळाले का?
ती म्हणते, नाही.
सुरी धुते.
तिसऱ्या खांबाचं त्याला सांगावं की नाही,
ठरत नाही.