अ तारा ब

दोंडाईच्याला मिरचीच्या वखारीवर माझा क्लास.
खाली पोती हलली की वर
तलाठी-भरतीची अख्खी बॅच शिंकते.
मी फळ्यावर लिहितो :

अ ☆ ब = २अ − ब

ओळ संपायच्या आत हितेश गिरासेचा हात वर :
"सर, हाई चिन्ह आमले कोनी शिकाडंच नही."

कोणीच शिकवलेलं नाही, बाबा.
मलाही नाही.
पेपर काढणाऱ्यानं ते परवा रात्री
जेवण झाल्यावर बनवलं असेल.
चांदणी सुचली नसती तर चौकोन काढला असता,
नाहीतर छत्री.
बुजगावणं आहे ते, आत नुसतं गवत.
तू बरोबरच्या चिन्हापलीकडे बघ :
दुप्पट तुझ्या ओळखीची,
वजाबाकी तर घरचीच.

सात तारा चार. चौदातून चार गेले, दहा.
आता उलट कर.
चार तारा सात. आठातून सात गेले, एक.
"आकडे तेच, मग उत्तर वेगळं कसं?"
कारण इथे कोण आधी उभा आहे याला किंमत आहे.
रेशनच्या रांगेत नसते का?
वर्ग हसतो. कोणीतरी शिंकतं.

सहा वेळा दिले मी हे पेपर.
दोनदा एका गुणानं गेलो,
त्यातला एक गुण धुळ्याच्या केंद्रावर सांडला :
मागच्या प्रश्नातला तारा
तसाच उचलून पुढच्या प्रश्नात नेला होता.
हे मुलांना सांगत नाही. एवढंच सांगतो,
ताऱ्याचं आयुष्य एका प्रश्नाचं.
बेचाळीसमध्ये तो बेरीज करेल,
त्रेचाळीसमध्ये वर्ग.
जुनी ओळख दाखवायला जाऊ नका.

मग कंस.
२ ☆ (३ ☆ ४), आतलं आधी,
आत दोन, बाहेरही दोन.
कंस एक घर डावीकडे सरकवला,
(२ ☆ ३) ☆ ४, तर उणे दोन.
हितेश वहीकडे बघतो,
लग्नातून निघताना
आपली चप्पल कुणी घालून गेल्यावर बघतात तसा.

मागच्या बाकावर रवीना मालचे.
उत्तर कधीच लिहून झालंय, पेनाला टोपण.
सकाळी ती खालीच असते, आईसोबत देठं खुडत.
बोटं पाण्यातही जळतात,
म्हणून पेन ओढणीच्या टोकात धरून लिहिते.
तुला लगेच कसं जमलं गं?
"हाई ते मुकादमना हिशोबनी गत शे, सर."

मग आवाज न चढवता सांगते :
दहा किलो खुडली की तो नऊ लिहितो.
ढग आले की ओल वजा.
शनिवारी पोत्याचं वजन वजा, पोतं त्याचंच.
भाव पडला की अजून काहीतरी वजा,
त्याला चिन्हही नाही.
आईनं विचारलं तर म्हणतो,
आमच्याकडे असंच मोजतात.

"आठे ते पहिलेच लिखेल ऱ्हास,"
ती फळ्यावरच्या पहिल्या ओळीकडे बघते.
"आन मजारमा बदलत नही."

मी खडू हातात धरून उभा.
सतरा वर्षं शिकवतोय हे,
युक्ती म्हणून, दोन गुणांसाठी, चाळीस सेकंदांत.

फळ्याच्या कोपऱ्यात थोडी जागा होती.
उगाच लिहिलं : क्ष ☆ क्ष = ?
दोन क्ष, वजा क्ष.
क्ष.
स्वतःशीच गाठ पडली की हा तारा काही करत नाही,
दुप्पटही नाही, वजाही नाही,
आलास तसा परत पाठवतो.
"परीक्षाले येस का हाई?" हितेश.
नाही येत.
त्यानं वही मिटली.

खाली कोणीतरी पोतं आपटलं.
सगळे शिंकले, मीसुद्धा.
रवीना नाही.