वाघिणींचा हिशेब

सेर्रो दे पास्को. चार हजार तीनशे मीटर.
इथं पाणी लवकर उकळतं आणि बटाटे मात्र
शिजता शिजत नाहीत.
एलेउतेरिओ वारांगा, वय अठ्ठावन्न, ओठ जांभळे,
पलंगावर उताणा. नाकाला चिमटा,
तोंडात रबरी नळी, नळीला पिशवी.

हृदयाला मीटर बसवता येत नाही, मी आधीच सांगितलं होतं,
म्हणून आडवाटेनं जायचं:
देहानं मिनिटाला प्राणवायू किती खाल्ला,
निघताना लिटरभर रक्तात किती होता,
परतताना किती उरला.
एक वजाबाकी, एक भागाकार.

तेव्हा तो हसला.
चोवीस वर्षं खाणीच्या तोंडाशी
वाघिणी मोजल्या होत्या त्यानं.
"म्हणजे टेकूची लाकडं आत एकूण किती उतरली,
जाणारी वाघीण केवढी जड, येणारी केवढी,
एवढं कळलं की फेऱ्या न बघताही सांगता येतात.
धुक्याच्या दिवशी मी तेच करायचो, बाई."

मग मी काही समजावलं नाही.

मनगटातून एक नमुना.
दुसरा आतून, फुप्फुसाच्या वाटेवरून,
काकवीसारखा दाट, काळपट.
दोनशे पंचवीस. एकशे एकोणसत्तर.
मधले छप्पन्न देहानं ठेवून घेतले.
पिशवीनं सांगितलं, दोनशे बावन्न.
साडेचार लिटर, मी वहीत लिहिलं.

दुसऱ्या खेपेला बाहेर योमीराचा आवाज आला,
औषधाच्या खिडकीपाशी, भाव विचारणारा,
मग तोच प्रश्न पुन्हा, जरा हळू.
त्याचे डोळे दाराकडे वळले.
नाडी सत्तरावरून पंच्याण्णववर.
पिशवी भराभर फुगत गेली.

माणूस निवांत असेल तरच हिशेब खरा,
असा नियम आहे. ती पिशवी बाद.

नळी काढल्यावर त्यानं विचारलं, "किती भरलं?"
"साडेचार."
"मिनिटाला?" त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं.
"पाळीला दोन हजारांवर गेलं की.
आणि रविवारीही?"
रविवारीही, म्हटलं.

बाद पिशवी मी खिडकीशी नेली.
खाली खड्डा, निम्मं गाव गिळून पायऱ्यापायऱ्यांनी बसलेला.
झडप उघडून पिशवी दोन्ही हातांनी दाबत राहिले,
पार सपाट होईपर्यंत.
त्यातलं मी काही मोजलं नाही.

योमीरा अजून रांगेत होती.