दहा टक्के

मौलिक शाह टॅबलेट उघडतो, सुरू करतो,
"कुमुदबेन, बधां ईंडां एक ज टोपलीमां..."
आणि जीभ चावतो.
जैनाचं पोर. ट्रेनिंगमध्ये पाठ केलेलं वाक्य
घरच्या तोंडातून निघत नाही.
"पापड म्हण," मी सांगते,
"सगळे पापड एकाच गच्चीवर वाळत घालू नयेत."
तो हसतो. पडद्यावर एक वर्तुळ उमटतं,
त्याचे रंगीत तुकडे.

छत्तीस वर्षं मी मकरपुऱ्याच्या कारखान्यात
पंपांची ड्रॉइंग्ज काढली.
प्रत्येक मापापुढे लिहायचं असतं
अधिक-उणे किती चालेल.
नेमकं काहीच बसत नाही,
दांडा फिरायला केसभर फट लागते.
जास्त ठेवली तर गळतं,
ठेवलीच नाही तर तापून अडकतं.
"एटले रिस्क," मौलिक म्हणतो.
हो बाबा, तेच.

मोठा वाटा रावपुऱ्याच्या पोस्टात,
जिथलं पेन सुतळीनं काउंटरला बांधलंय.
माणसाचा इतका अविश्वास करणाऱ्या जागेवर
मला विश्वास वाटतो.
बँकेत तीन ठेवी, एक, दोन, तीन वर्षांच्या,
म्हणजे दर वर्षी एक दार उघडेल
आणि व्याज पडलं तरी
सगळी बोटं एकदम चेंगरणार नाहीत.
थोडं रोख्यांच्या फंडात.
शेअरबाजारात सेव-उसळीवरच्या तर्रीएवढं,
घशाला कळेल, पोटाला नाही.

उरले दहा टक्के.
"गोल्ड," मौलिक म्हणतो,
"कागदावरचं घ्या. चोरीची बीक नाही, घडणावळ नाही."

त्याला कसं सांगू.
विश्वामित्री कारेलीबागेत शिरली त्या वर्षी
समोरच्या ओट्यावर मगर येऊन बसली होती,
भाडं थकलेल्या घरमालकासारखी शांत.
चौथ्या दिवशी पाणी उतरलं.
पासबुकांची लापशी,
पॉलिसीवरची शाई भिंतीला लागलेली.
चिखलात हात घातला
तर आत्याच्या पाटल्या गेल्या तशाच वर आल्या,
पिवळ्या, कसलीही माफी न मागता.
मी लग्न केलं नाही.
मला कुणी सोनं घातलं नाही.
त्या दिवशी मीच ते माझ्या हातात घातलं
आणि पुढची अकरा वर्षं
कुठल्याही कागदावर मनापासून सही केली नाही.

निवृत्तीनंतर घडियाळी पोळात गेले, वजन करायला.
म्हाताऱ्या सोन्यानं कसोटीवर रेघ ओढली,
भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं,
मग विचारलं, "कापू?"
आत लाख.
आठ तोळे म्हणून उशाशी घेऊन झोपले ते
साडेतीन भरलं.
आत्याला ठाऊक होतं का?
मिल बंद पडली त्या साली
तिच्या घरी एक दिवसही चूल विझली नव्हती,
आणि लग्नकार्यात ती पाटल्या वाजवत वाढायची
शेवटपर्यंत.
मी तिच्यावर रागवायचं ठरवलं होतं.
दुकानाची पायरी उतरेपर्यंतही जमलं नाही.

तर आता भरवसासुद्धा मी वाटून ठेवते.
पोस्टावर थोडा, बँकेवर थोडा,
मौलिकवर थोडा (मुलगा बरा आहे,
पण त्याचं कमिशन मी विचारून घेतलंय).
पाटल्या वितळवून आल्या त्याची दोन नाणी केली.
बाकी कागदावर.
वर्षातून एकदा सगळं मांडून बघायचं,
फुगलं असेल ते छाटायचं,
सुकलं असेल तिथे घालायचं.
दिवाळीनंतर. घाईत नाही.

"हवे शांति?" मौलिक टॅबलेट मिटत विचारतो.
अधिक-उणे, मी म्हणते.

एक सांगायचं राहिलं.
सोन्यानं ती लाख फेकायला काढली होती,
मी पुडीत बांधून मागितली.
काळपट लाल, सुपारीएवढा खडा.
टेबलाच्या खणात असतो, माझ्या जुन्या कंपासशेजारी.
मौलिकच्या वर्तुळात
त्याच्यासाठी रंग नाही.