गाभा

खोका शुक्रवारी आला. पोस्टमन म्हणाला,
"काय गं ईसा, विटा मागवल्यास की काय?"
आत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ओतीव लोखंड:
बैठक, सिलिंडर, सात इंची फ्लायव्हील,
आणि चार घड्यांचा नकाशा,
नेमकं घडीवरचंच एक माप पुसलेलं.

पंधराव्या वर्षी मी बॉनीब्रिजच्या फाउंड्रीत लागले.
साचे भरायचे ते पुरुषांनी. आम्हा मुलींकडे गाभे.
वाळूत जवसाचं तेल कालवा,
लाकडी पेटीत ठासा,
तारेनं भोसकून वायूला वाट ठेवा,
भट्टीत भाजा. शंभराला अमुक शिलिंग.
लोखंड त्या गाभ्याभोवती ओतायचे,
निवलं की आमचं काम हातोडीनं फोडून
झाडून टाकायचे.
उरायची ती पोकळी. तेवढी आमची.

गाभा म्हणजे शेवटी उरतं ते, असं लोक समजतात.
मी अकरा वर्षं फोडण्यासाठीच गाभे केले.
केसांना जवसाचा वास. शनिवारी नाचाला गेलं
तरी मुलगे लांबून ओळखायचे, कुठल्या खात्यातली.

आता एकाहत्तराव्या वर्षी, कोळशाच्या जुन्या कोठीत,
माझी स्वतःची लेथ आहे.
ओतिवाची कातडी कडक, वाळू चिकटलेली.
पहिलाच छेद खोल घ्यायचा.
वरवर खरवडत बसलं तर हत्याराची धार जाते
आणि काम होतं तिथंच राहतं.
हे गॉर्डन गिलीजनं शिकवलं. चाळीस वर्षं टर्नर होता.
मायक्रोमीटर माझ्या हाती देताना
अजूनही दोन सेकंद जास्त घेतो.

मार्चभर बैठक: काच, निळी शाई, कानस, पुन्हा काच.
एप्रिलमध्ये फ्लायव्हील, लंगडत फिरायचं ते सुधारलं.
मग सिलिंडर. चार जबड्यांत धरला,
मध्य साधला, आत टॉर्च मारला,
तर भिंतीवर एक उंचवटा.
पसरट, लांबट.
रेषा नाहीत, वाळू इतकं लक्षात ठेवत नाही,
पण एका टोकाला नखाची कड.

ओल्या गाभ्यावर कुणाचा तरी अंगठा दबला होता.
तिथला खड्डा इथं उंच झाला.

"डावा," मी म्हणाले.
"कशावरून?"
"पेटी उघडताना उजव्या हातात ठोकणी असते.
गाभा सावरायचा तो डाव्यानं."
गॉर्डन गप्प बसला. माझ्या माहितीत प्रथमच.

आमची मुकादमीण मिसेस हॅगर्टी
असल्या गाभ्याचे पैसे कापायची. मला दोनदा कापलेत.
हे ओतीव तर गेल्या वर्षीचं.
असेल कुणी पोर, नवं, घाईतलं,
घड्याळाकडे बघत असलेलं.

एक इंचाचं भोक. पिस्टनला गुळगुळीत भिंत हवी.
कुणाचा अंगठा आत ठेवून इंजिन चालत नाही.
मी चहा केला. प्यायले. कप विसळला.
लेथ सुरू केली.

टक्.
दर फेऱ्याला एकदा, टक्,
हत्यार तेवढ्यालाच लागत होतं.
दुसऱ्या छेदाला आवाज बारीक झाला,
तिसऱ्याला राहिला नाही.
ट्रेमध्ये करडी भुकटी पडत गेली,
त्यातली अंगठ्याची कुठली, सांगता आलं नसतं.
मी शोधलीही नाही.

ऑगस्टच्या शेवटी गाडीचा पायपंप जोडला.
गॉर्डन लाल होईस्तोवर पंप मारत होता.
चाक हललं, अडलं,
मी व्हॉल्व्ह केसभर सरकवला,
आणि मग ते सुटलंच.

बाहेर पडणाऱ्या हवेशी मी अंगठा धरला.
गार. तुटक तुटक. मशीनच्या तेलाचा वास,
जवसाचा नाही.

"उलटं फिरतंय," गॉर्डन धापत म्हणाला.
"दिसतंय मला. तू पंप मार."