तर्रीनंतर

पहिलीचं नाव तर्री.
सेव-उसळीवर तरंगते तशी लाल, मधे शेंदरी डाग.
मी या घरात आल्यावर वर्षभरात ती आली,
शाल्मलीच्या टेबलावर, काचेत,
आणि फ्रीझरमध्ये मटारांच्या मागे तिचं महिन्याचं राशन,
पांढऱ्या पिशवीत, शेपट्या सगळ्या एका बाजूला.
मला कुणी सांगितलं नव्हतं.
मी मटारच घ्यायला गेले होते.

आता दुसरा हवाय.
ह्यांची रिफायनरीत पाळी, म्हणून मी गेले बरोबर,
स्कूटरवर, दांडिया बाजारातून गोत्रीपर्यंत,
दोघींच्या मधे तिची बॅग.
विश्वामित्रीच्या पुलावर माणसं वाकून बघत होती,
खाली मगर उन्हात, तोंड उघडं टाकून.
"तर्रीला भितात, आणि हिला शेंगदाणे खात बघतात."
वाऱ्याला म्हणाली असेल.
मला ती कशानेच हाक मारत नाही.

केयूरभाईंच्या वरच्या मजल्यावर पंखा बंद, दिवे चालू.
"आवो बेन, बेसो," आणि एकेक डबा पुढे.
बघण्याचा कार्यक्रमच तो,
फक्त पोहे नव्हते.
शेवटचं कधी जेवला? जिवंत की मेलेलं?
कात एका तुकड्यात निघते? कागद कुठायत?
तिने कान जवळ नेऊन श्वास ऐकला, शिट्टी वाजते का म्हणून.
हनुवटीखालच्या खवल्यांत बारीक किडे शोधले.
माझ्या वेळी एवढं कुणी पाहिलं नव्हतं.
मी पस्तिशीची, हे बिजवर, मुलगी अकराची;
चहा झाला आणि ठरलं.

एक बर्फासारखा, गुलाबी डोळ्यांचा.
किंमत ऐकून मीच झाकण लावलं.
एक नाकाडा, आम्हाला बघताच उताणा पडून मेला, जीभ बाहेर.
सरळ केला, पुन्हा मेला.
सासरच्या पहिल्या दिवाळीत हे मला सुचायला हवं होतं.
आणि एक तपकिरी पायथन,
स्वतःचाच चेंडू करून बसलेला, डोकं आत.
"आ जरा शरमाळ छे. थंडीत दोन-दोन महिने खात नाही.
नवशिक्यांना मी देत नाही."

"तर्रीला सोबत होईल," मी म्हटलं,
काहीतरी म्हणायचं म्हणून.
शाल्मलीने सरळ माझ्याकडे पाहिलं.
"सोबत वगैरे नसते त्यांना.
एका पेटीत ठेवायचे नसतात.
नव्याला वेगळी खोली, तीन महिने.
भांडं वेगळं, चिमटा वेगळा.
याच्याकडून तिच्याकडे जाताना हात धुवायचे."
मी मान डोलावली.
आमच्याकडेही पहिलं वर्ष भांडं वेगळं होतं:
आईचं नाव घातलेला पेला
ती स्वतः घासायची, स्वतःच्या खोलीत ठेवायची.

"कुठला?"
केयूरभाई फोनवर होते. म्हणजे मलाच.
मी चेंडूकडे बोट केलं.
का, ते अजून सांगता येत नाही.

तो आता माझ्या शिवणाच्या खोलीत. मशीन गॅलरीत.
गरम कोपरा बत्तीस अंश, गार कोपरा सव्वीस,
मधे पालथी कुंडी.
वीज गेली की आधी तिकडे धावते, मग भाताकडे.
दर शनिवारी उंदीर कोमट पाण्यात सोडवायचा,
कोरडा करायचा, चिमट्याने ठेवायचा
आणि निघून यायचं.
बोलायचं नाही, दारात उभं राहायचं नाही.
हे मात्र मला शिकवावं लागलं नाही.

तीन शनिवार उंदीर तसाच परत.
वहीत रकाने: तारीख, वजन, खाल्लं का.
तिचं अक्षर बारीक, उजवीकडे कललेलं.
काल तिचा क्लासचा पेपर, म्हणून मी लिहिलं:
नाही. चारशे बारा ग्राम.
रात्री पाहिलं,
तर 'ग्राम'वर चंद्र काढून 'ग्रॅम' केलेलं
आणि खाली पेन्सिलीने:
वजन उतरलेलं नाही.
पुढच्या वेळी थोडा लहान देऊन बघ.