म्हणे

जन्मतारखेवरच पहिली संध्याकाळ गेली.
चर्चच्या वहीत सहा नोव्हेंबर, पासपोर्टात नऊ.
हेल्दुरनं चाळीस वर्षं जमिनी मोजल्या,
तो म्हणाला, दोन्ही घाला, मध्ये तिरकी रेघ ओढा,
बांधाचा वाद असाच मिटतो.

आम्ही तिघं. व्हिल्यांदीच्या वाचनालयामागची खोली,
एक संगणक, खारवलेल्या माशांचा डबा, काळा पाव.
आस्ता ऊइबो, कथालेखिका, जाऊन सहा वर्षं झाली,
ज्ञानकोशातलं तिचं पान अजून ओलं.

दुसरा नवरा ठेवायचा का?
सात महिन्यांचा संसार, तोही हिवाळ्यातला.
राइको विद्यापीठात शिकतो, नियम त्याला तोंडपाठ:
त्याच्याविषयी कुठे छापून आलंय? नाही ना?
मग नवरा गेला. दारही वाजलं नाही.
(मांजर मात्र राहिलं. मांजरावर एक लेख होता.)

मार्च एकोणपन्नासशी येऊन अडलो.
तिच्या गावातली अकरा माणसं पहाटे मालगाडीत चढवली,
सायबेरियाकडे, ज्याच्या जे हाती लागलं त्यासकट;
कुणी शिलाईयंत्र उचललं, कुणी घाईत नुसतं त्याचं झाकण.
यादी शाळेतल्या एका मुलीनं उतरवून दिली, म्हणे.
अक्षर वळणदार होतं, म्हणे.
ती मुलगी आस्ता,
म्हणे.

याला तळटीप काय देणार, राइकोनं विचारलं.

आमच्या एस्टोनियन क्रियापदाला यासाठी वेगळं शेपूट आहे,
ते जोडलं की बोलणारा हात झटकून मोकळा:
मी पाहिलं नाही बुवा, कानावर आलं.
बाजारात चालतं, मयताला चालतं,
सॉनाच्या वाफेत तर दुसरं काही चालतच नाही.
ज्ञानकोशात चालत नाही.

पुरावा नाही तर वाक्य नाही, राइको म्हणाला.
वाक्य नाही तर ती अकरा माणसं कुठे गेली?
ती दुसऱ्या पानावर येतील.
कोणत्या?
राइको गप्प झाला. तेवीस वर्षांचं पोर,
आणि चुकीचं काहीच बोलत नव्हतं.

हेल्दुरची मावशी त्या गाडीत होती.
त्यानं हे सांगितलं नाही. मला माहीत आहे.
तेही कुठे छापून आलेलं नाही.

आणि माझ्या खणात एक कार्ड आहे.
आस्ता दर मार्चला एकच पुस्तक न्यायची,
सोव्हिएत संघाचा जाडजूड नकाशासंग्रह.
आठवड्यात परत. पेन्सिलीची खूण नाही, दुमड नाही,
फक्त ओम्स्कचं पान
धुऊन धुऊन विरलेल्या फडक्यासारखं मऊ.
कार्डावरचे शिक्के माझ्याच हातचे.
काय सिद्ध होतं त्यातून? अपराध?
की तिचंही कुणी त्या गाडीत होतं?
की बाईला नकाशे आवडायचे?
मी खण उघडला, चष्मा काढला, खण लावला.

साडेदहाला मतं घेतली. दोन विरुद्ध एक.
माझं राइकोच्या बाजूला पडलं.
आता पानावर आहे: तिचं बालपण युद्धोत्तर काळात गेलं.
असं वाक्य, ज्यावर कुठेच बोट ठेवता येत नाही,
आणि ज्याच्याखाली तीन तळटिपा आहेत.

हेल्दुरनं मला गाडीतून घरी सोडलं. उणे एकोणीस.
तळ्याच्या वळणावर एकदम म्हणाला, एल्फ्रिदे.
एवढंच. मग बाहीनं काच पुसत राहिला,
काच आतून स्वच्छच होती.
मी विचारलं, शेवटी ए ना?
कार्ड करताना विचारायचे तसं.
ए, तो म्हणाला.