रकाना

रजिस्टरात शेवटचा रकाना: ‘न येण्याचे कारण’.
अंगठ्याएवढा रुंद.
‘नकार’ त्यात बसतो, ‘स्थलांतर’ कसंबसं,
‘मयत’ अगदी ऐसपैस.

करंजदऱ्याच्या धनगरवाड्यावर सात घरं.
गगनबावड्याच्या फाट्यापासून चालत दोन तास, पावसात तीन,
जळवा काढत बसलं नाही तर अडीच.

ठकूबाई धुळा बोडके. वय अंदाजे.
धरणाचा पहिला सुरुंग उडाला तेव्हा ती रेडकं राखायची.
छातीत डावीकडे गाठ.
वैशाखात मी लिहिलं, करवंदाएवढी.
श्रावणात, आवळ्याएवढी.
सीपीआरची चिठ्ठी दिलीय.
तिनं ती चुलीवरच्या शिंक्यात ठेवलीय,
धुराला, म्हणजे सादळायची नाही.

‘येतो की, बाय. पर म्हशीचं दिस भरल्यात.’

म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला आहे. नंबर आहे. विमा आहे.
परवा तिनं वैरण सोडली, तर दूध संघाचा डॉक्टर
गुडघाभर चिखलातून वर आला.
भला माणूस. ठकूबाईनं त्याला ताक दिलं,
मग पदर सावरून म्हणाली,
‘माणसाचं बघत न्हाई व्हय तुमी?’
तो हसला. मी हसले.
तीही हसली, आमच्यानंतर.

एकदा गेली होती ती, धुळाबरोबर.
पहाटे चारला, बॅटरी लावून,
गव्यांना कळावं म्हणून मुद्दाम खोकत खोकत.
सातची एसटी. कोल्हापूर. खिडकी.
खिडकीतल्या पोरीनं दोन्ही कार्डं शेजारी ठेवली:
रेशनवर ठकूबाई, आधारवर ठाकूबाई.
‘यातली आजारी कोण?’
दोघं बाकावर बसून विचार करत राहिले.
परतीची गाडी साडेतीनला,
मोठा डॉक्टर चारला.

गोठ्याच्या आढ्याला कळकाची दांडी आहे.
सासूला तिच्यावरच झोळीत नेलं होतं,
उतरताना सहा वेळा खांदेपालट.
परत आणताना
खांदा बदला, असं कुणी म्हणालं नाही.
आता दांडीवर ओली घोंगडी वाळतात.
ती धुळाच घालतो, धुळाच काढतो.

आणि मी?
महिनाअखेरीला तालुक्याची मीटिंग.
मॅडम रिकामा रकाना चालवून घेत नाहीत.
मी लिहिलं: नकार.

काल ती म्हणाली,
‘माज्या नावाफुडं काय लिवलंयस, वाच की.’
वाचलं.
तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.
बराच वेळ नुसता धूर.
‘मी कवा न्हाई म्हटलं?’

बॉलपेनचं अक्षर. थुंकी लावून घासलं
तर कागदच फाटला, भोकातून
खालच्या पानावरचं कुणाचं तरी गोवराचं इंजेक्शन दिसायला लागलं.
भोकाच्या कडेनं, बारीक अक्षरात, मी लिहायला घेतलं:
म्हैस. साडेतीनची गाडी. ठ-ला काना. दांडी.
रकाना संपला. समास संपला.
मी झिमाबाई झोरेच्या ओळीत शिरले,
तिची कारणं अजून विचारायची होती.

तेवढ्यात गोठ्यात म्हैस हंबरली, वेगळंच.
ठकूबाई उठली, डावा हात छातीशी धरून.
‘ऱ्हाऊ दे ते लिवणं,’ म्हणाली,
‘बॅटरी धर जरा.’